नंदनवनात झाडू कोणाच्या हातात?

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला वाचनकट्टा भरतो. बारा-तेरा डोकी. बहुतेक आयटीतले किंवा आयटीतून निवृत्त झालेले, दोन प्राध्यापक, एक डॉक्टर. गेलं वर्ष आम्ही ठरवून विज्ञानकथांना दिलं, त्यातही भविष्यातल्या समाजांच्या कथांना. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या रविवारी चर्चा भलतीच रंगली. पाळत, टेलिस्क्रीन, फोन आपलं बोलणं ऐकतो की नाही, यावर प्रत्येकाकडे एक किस्सा होता. घरात किचनच्या चिमणीचा विषय निघाला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलभर चिमण्यांच्याच जाहिराती, वगैरे. सव्वाअकराला दार किलकिलं झालं आणि मावशींनी डोकं आत घातलं. ‘ताई, अजून किती वेळ? फरशी पुसायचीय. मग मला डी विंगचे जिने आहेत.’

दहा मिनिटं, असं म्हणून आम्ही अर्धा तास बसलो.

निघताना मला ओशाळल्यासारखं झालं म्हणून थांबले. ‘कसली गोष्ट चालली होती?’ मावशींनी विचारलं. मी सांगितलं, एक पुस्तक आहे, त्यातलं सरकार भिंतीवरच्या पडद्यातून माणसांवर चोवीस तास नजर ठेवतं. ‘म्हणजे कॅमेरा,’ मावशी म्हणाल्या. ‘तो जिन्यात पण आहे की.’ आणि बादली उचलून आत गेल्या.

मावशी रोज गेटवर मोबाइल नंबर सांगतात, तेव्हा त्या आल्याची वर्दी चार घरांच्या फोनवर जाते. अ‍ॅपमध्ये त्यांचा फोटो आहे, येण्याजाण्याच्या वेळा आहेत आणि नावाखाली तारे आहेत, पाचपैकी किती ते. जाताना पिशवी तपासतात. कुणी जुनी साडी किंवा सणाला चार पुरणपोळ्या दिल्या तर त्या घराकडून चिठ्ठी लागते. आम्ही तेरा जण ज्या समाजाची कल्पना करून शहारत होतो, त्यात मावशी गेली काही वर्षं रोज सकाळी सातला हजर होतात. आम्ही मात्र कादंबरी वाचताना स्वतःला तिचा नायक विन्स्टन स्मिथ समजत होतो. गेटवरचं अ‍ॅप आम्हीच सर्वसाधारण सभेत हात वर करून मंजूर केलं होतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. कल्पनेतला समाज स्वर्गासारखा असो की नरकासारखा, त्याला मी एकच प्रश्न विचारते. इथे झाडू कोणाच्या हातात आहे? राज्य कोण करतं, यंत्रं किती हुशार आहेत, लोक उडत्या मोटारीतून जातात की पायी, हे नंतर. आधी संडास कोण घासतं ते सांगा. युटोपिया (आदर्श समाज) आणि डिस्टोपिया (त्याचं भयावह उलट रूप) हे दोन शब्द आपण दोन वेगळ्या गावांच्या पाट्यांसारखे वापरतो. झाडूचा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा कळतं, गाव एकच आहे. एक पाटी पुढच्या दाराला लावलेली आहे आणि दुसरी मागच्या.

युटोपिया हा शब्द घडवला टॉमस मोरने, १५१६ साली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’, आणि उच्चार थोडा इकडेतिकडे केला की ‘चांगली जागा’. मोरच्या बेटावर खाजगी मालमत्ता नाही, कामाचा दिवस सहा तासांचा, आणि सोन्याची किंमत इतकी शून्य की त्याचे शौचपात्र बनवतात. वाचून मन प्रसन्न होतं. मग पुढचं वाक्य येतं. त्याच सोन्याच्या बेड्या गुलामांना घालतात! होय, या बेटावर गुलाम आहेत. सगळे एकत्र जेवतात त्या भोजनगृहातली घाण आणि कष्टाची कामं गुलामांची, स्वयंपाक बायकांनी पाळीपाळीने करायचा, आणि जनावरं कापायचं काम गावाबाहेर, तेही गुलामांनी, कारण नागरिकांच्या मनातला दयाभाव कमी व्हायला नको. गावाबाहेर या शब्दावर मराठी वाचक जेवढा अडखळेल तेवढा इंग्रज अडखळणार नाही. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला प्रमुखाचं पत्र लागतं, आणि पत्राशिवाय दुसऱ्यांदा सापडलात तर तुम्हीही गुलाम. आमच्या गेटवरच्या चिठ्ठीला पाचशे वर्षांची परंपरा आहे म्हणायची.

मोरनंतरच्या आदर्श समाजांना हा प्रश्न अधूनमधून टोचलेला दिसतो. एडवर्ड बेलामीच्या १८८८ च्या कादंबरीतला नायक सन २००० च्या बॉस्टनमध्ये जागा होतो. तिथे प्रत्येक तरुणाला पहिली तीन वर्षं साधी मजुरी करावीच लागते, आणि जे काम जास्त नकोसं त्याचे तास कमी. उत्तर लष्करी थाटाचं आहे, पण प्रश्नाला बगल दिलेली नाही, एवढं बेलामीला द्यायला हवं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाचं स्वप्न’ ही छोटीशी कथा. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ती आली. बंगालमधली, पडद्यात वाढलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. तिने एक स्त्रीराज्य रंगवलं. तिथे पुरुष ‘मर्दान्या’त बंद आहेत, शेती विजेवर चालते, स्त्रियांची विद्यापीठं ढगांतून पाणी काढतात आणि सूर्याची उष्णता साठवतात. यात तिचा हिशेब बघण्यासारखा आहे. पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतो, एकाला अर्धा तास, म्हणजे सहा तास धुरात गेले. मग कचेरीत काम होतं कधी? स्त्रिया तेच काम दोन तासांत उरकतात. पण मला थांबवतं ते वेगळंच. पाहुणीला देश दाखवताना ती तिला स्वयंपाकघरात नेते. भाजीच्या मळ्यातलं लख्ख स्वयंपाकघर, धूर नाही, कोळसा नाही, सगळं सूर्याच्या उष्णतेवर. भविष्याच्या सहलीवर निघालेले लेखक पाहुण्याला सभागृह दाखवतात, कारखाना दाखवतात, विमानतळ दाखवतात. चुलीपाशी नेणारी ही एक. ज्याने फुंकणी धरलेली नाही त्याला आदर्श समाजात धूर नसावा हे सुचणारच नाही. अर्थात भिंत तिच्याही राज्यात आहे, फक्त आतले बाहेर आणि बाहेरचे आत. तिची ती चेष्टाच होती आणि ती बरोबर जागी लागली.

आता दुसरी पाटी. डिस्टोपिया म्हटलं की आपल्याला भविष्य आठवतं, पण जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये १८६८ साली हा शब्द काढला तो आयर्लंडबद्दलच्या सरकारी धोरणाला झोडपताना. चालू वर्तमानाला, आणि तेही ताब्यात घेतलेल्या देशातल्या वर्तमानाला. विसाव्या शतकाने तो उचलून पुढच्या काळात नेऊन ठेवला आणि तिथेच गडबड झाली असं मला वाटतं. जे कुणाच्या तरी दारात आज चालू आहे ते उद्याचं संकट म्हणून वाचायची आपल्याला सवय लागली.

ऑल्डस हक्सलीची १९३२ ची कादंबरी याला बरीचशी अपवाद आहे. बाटलीत वाढवलेली माणसं, दुःख विसरायला ‘सोमा’ नावाची गोळी (नाव थेट आपल्या वेदांतून), मोकळा संभोग, कुणालाच म्हातारपण नाही. आणि पाच जाती. अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत, प्रत्येकीच्या कपड्यांचा रंग ठरलेला. गर्भातच एप्सिलॉनचा प्राणवायू कमी करून त्याची बुद्धी खुंटवतात आणि झोपेत मुलांच्या कानात पढवतात की आपण ज्या जातीत आहोत तीच किती बरी. एक प्रसंग आहे, जेमतेम अर्ध्या पानाचा. लिफ्ट चालवणारा एक एप्सिलॉन, माकडासारखा दिसणारा. लिफ्ट गच्चीवर पोहोचते, तो दार उघडतो, दुपारचं ऊन अंगावर येतं आणि तो हर्षाने म्हणतो, ‘गच्ची! गच्ची!’ उतरणाऱ्यांकडे तो मालकाकडे बघणाऱ्या कुत्र्यासारखा पाहतो. तेवढ्यात घंटी वाजते, खाली जाण्याचा हुकूम येतो, दार बंद होतं आणि लिफ्ट अंधारात खाली जाते. त्या दिवसातलं त्याच्या वाट्याचं ऊन संपलं. ज्यांना गच्चीवर हेलिकॉप्टर घ्यायचं होतं ते निघूनही गेले. कादंबरी त्यांच्याबरोबर जाते.

पुढे जगाचा एक नियंत्रक समजावतो की समाज हिमनगासारखा हवा, नऊतले आठ भाग पाण्याखाली, एक वर. सगळेच अल्फा का नाही बनवत, असं कुणी विचारतं, तर तो सायप्रसचा प्रयोग सांगतो. बेटावर बावीस हजार अल्फा नेऊन सोडले. हलकी कामं करणाऱ्यांची वरच्या कामासाठी कारस्थानं, वर बसलेल्यांची वरच टिकून राहण्याची उलट कारस्थानं. सहा वर्षांत यादवी पेटली, एकोणीस हजार मेले, उरलेल्यांनी अर्ज केला की बाबांनो, राज्य तुम्हीच करा. म्हणजे झाडूचा प्रश्न हक्सलीने नेमका विचारला. त्याचं उत्तर मात्र त्याने नियंत्रकाच्या तोंडी दिलं आणि ते उत्तर आपल्याकडे दोन हजार वर्षं पाठ आहे. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या भाषणात मांडलं. हक्सलीच्या कादंबरीनंतर चारच वर्षांनी. ते भाषण आयोजकांनी होऊच दिलं नाही. हक्सली कादंबरीआधी भारत फिरून गेला होता. त्याचा इथे संबंध लावायचा की नाही ते मी वाचकावर सोडते.

ऑर्वेलकडे परत येते, कारण आम्ही त्याला नीट वाचलं नव्हतं. १९४९ च्या त्या कादंबरीत पंच्याऐंशी टक्के लोक ‘प्रोल’, म्हणजे कामकरी आहेत. त्यांच्यावर पाळत ठेवायचीही सत्ताधारी पक्षाला गरज वाटत नाही. विन्स्टन भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून एका धुणंवालीला बघतो. लालभडक दंड, तोंडात चिमटे, दोरीवर लंगोट वाळत घालताना ती यंत्राने रचलेलं एक टुकार गाणं इतक्या मनापासून गाते की ते सुंदर वाटायला लागतं. आशा असेल तर ती यांच्यातच, असं त्याला वाटतं. काही क्षणांत त्याला अटक होते आणि पुढच्या शंभर पानांत ती बाई दिसत नाही. तिला नावसुद्धा नाही. तिच्या जागी बसून ही कादंबरी कशी लिहिली गेली असती? माझा अंदाज आहे, धुणं तितकंच असतं.

मार्गारेट अ‍ॅटवुडने १९८५ ची आपली कादंबरी लिहिताना नियम पाळला होता की इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं काहीच त्यात घालायचं नाही. तिची लाल झग्यातली दासी, म्हणजे तसा वेश केलेल्या बायका, २०१७ पासून अमेरिकेतल्या निदर्शनांत उतरली, टेक्सासच्या विधानभवनात जाऊन बसली. डिस्टोपिया निरुपयोगी असतो असं म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरे. पण या कादंबरीवर काळ्या स्त्रियांनी घेतलेला आक्षेपही तितकाच खरा आहे. बाईला नाव नाही, वाचायला बंदी, मूल जन्माला घालायचं आणि मालकिणीच्या हवाली करायचं. हे सगळं अमेरिकेत शतकानुशतकं गुलाम स्त्रियांच्या बाबतीत झालं. तेव्हा त्याला कुणी डिस्टोपिया म्हटलं नाही. गोऱ्या, शिकलेल्या बाईवर आलं तेव्हा त्याची विज्ञानकथा झाली. इतरांच्या घरी जे नेहमीचं असतं ते आपल्या घरी आलं की आपण त्याला डिस्टोपिया म्हणतो. मला ही व्याख्या फार चुकीची वाटत नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात हलवून गेलेली कथा चिनी आहे. हाओ जिंगफांग ही लेखिका अर्थशास्त्राची अभ्यासक. तिच्या ‘घडीचं बीजिंग’ या दीर्घकथेला २०१६ साली ह्युगो पुरस्कार मिळाला. या बीजिंगच्या इमारती घडी घालून जमिनीत जातात, आणि अठ्ठेचाळीस तासांचं एक चक्र तीन शहरं आळीपाळीने वापरतात. पहिल्या शहरात, कथेच्या भाषेत पहिल्या अवकाशात, पन्नास लाख लोक, त्यांना पूर्ण चोवीस तास. दुसऱ्यात अडीच कोटी, त्यांना सकाळी सहा ते रात्री दहा. तिसऱ्यात पाच कोटी, त्यांच्या वाट्याला रात्री दहा ते पहाटे सहा. बाकीचा वेळ ज्याच्या त्याच्या पेटीत झोपून काढायचा. तिसऱ्या अवकाशातले दोन कोटी लोक वरच्यांचा कचरा निवडतात. लाओ दाओ त्यांतलाच एक. त्याला कचऱ्यात सापडलेली मुलगी आहे, आणि तिच्या बालवाडीच्या फीसाठी तो जीव धोक्यात घालून पहिल्या अवकाशात एक प्रेमपत्र पोहोचवायला जातो. क्रांती नाही, उठाव नाही, बालवाडीची फी! तिथे त्याच्या कानावर पडतं की कचरा निवडायचं काम यंत्रं कधीच करू शकली असती, पण मग या कोट्यवधींचं करायचं काय, म्हणून तो प्रस्ताव बाजूला सारला जातो. शहर बांधायला आलेल्या मजुरांमध्ये त्याचा बाप होता.

आपल्याला हे वाचून नवल वाटायचं कारण नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी मुंबईच्या लावणीत उंचावरच्या मलबार हिलला इंद्रपुरी म्हटलं आणि लगेच खाली परळात रात्रंदिवस राबणारे दाखवले. घडी घालायची यंत्रणा तेवढी नव्हती. आजही पहाटे साडेपाचला लक्ष्मी रोडवर गेलात तर जे शहर दिसतं ते अकरा वाजता दिसत नाही. ते घडी घालून ठेवलेलं असतं. आणि बिल्डरच्या होर्डिंगवरचं शहर बघा. तलाव, झाडं, सायकलवरची गोरी मुलं, पण एकाही बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल नाही. स्मार्ट सिटीच्या सादरीकरणांतही मी बघत असते. त्या चित्रांतले रस्ते स्वच्छ असतात, झाडणारं कोणी नसतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, झाडू यंत्राच्या हातात देऊ. कट्ट्यावरच्या आयटीवाल्यांचं हेच म्हणणं. इयन बँक्सच्या कादंबऱ्यांमधली ‘कल्चर’ ही संस्कृती अशीच आहे. पैसा नाही, टंचाई नाही, सगळी कामं बुद्धिमान यंत्रांकडे. इलॉन मस्कच्या कंपनीने रॉकेट उतरवायच्या तरंगत्या फलाटांना बँक्सच्या यानांची नावं दिली आहेत. पैसाच नसलेल्या समाजाचं कौतुक जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एकाने करावं, यात बँक्सला (तो पक्का समाजवादी होता) काय वाटलं असतं ते सांगायला नको. दुसरा नमुना याहून मासलेवाईक. फेसबुकने २०२१ साली कंपनीचं नाव बदललं ते ‘मेटाव्हर्स’ या शब्दावरून, आणि तो शब्द नील स्टीफन्सनच्या १९९२ च्या कादंबरीतला. तिथला नायक मेटाव्हर्समध्ये तलवारबहाद्दर आहे. प्रत्यक्षात? प्रत्यक्षात तो सामान ठेवायच्या भाड्याच्या गोदामात राहतो आणि तीस मिनिटांच्या आत पिझ्झा पोहोचवायची नोकरी करतो; उशीर झाला तर गाठ माफियाशी. इशाऱ्याची पाटी कुणी कंपनीचा फलक म्हणून लावावी तसं हे झालं. आपण तर तीस मिनिटांवरून दहावर आलो आहोत.

यंत्राबद्दल आणखी एक. रोबॉट हा शब्द कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ, म्हणजे आपली वेठबिगारच. शब्दातच सगळं आलं. काम यंत्राकडे देतो असं म्हणतो तेव्हा ते काम आपण नजरेआड करतो, नाहीसं करत नाही. आज बुद्धिमान म्हणवणाऱ्या यंत्रांना शहाणपण शिकवायला केनियातली माणसं तासाला दोन डॉलरहून कमी पैशात इंटरनेटवरची घाण वाचत बसली होती, हे २०२३ च्या सुरुवातीला उघड झालं. गटारात उतरणारा यंत्रमानव केरळात २०१८ साली तयार झाला, आणि हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा तर २०१३ चा. तरी चेंबरमध्ये माणसं गुदमरल्याची बातमी येते. यंत्र आहे, कायदा आहे, पण माणूस स्वस्त आहे. लाओ दाओच्या गोष्टीत तेच होतं.

मग चांगला समाज कल्पनेतसुद्धा जमत नाही का? जमतो, आणि मला ठाऊक असलेला सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न उर्सुला ले ग्विनचा, १९७४ चा. दोन ग्रह. हिरवा, श्रीमंत, विषम उरास, आणि त्याच्याभोवती फिरणारा रखरखीत अनारेस, जिथे बंडखोरांनी सत्ता आणि मालमत्ता नसलेला समाज उभारला आहे. तिथल्या भाषेत काम आणि खेळ यांना एकच शब्द. पण लेखिका भाबडी नाही, रटाळ कष्टांसाठी तिने वेगळा शब्द ठेवला आहे. ती कामं पाळीने होतात. दर दहा दिवसांतला एक दिवस प्रत्येकाने वस्तीच्या नकोशा कामाला द्यायचा, भौतिकशास्त्रज्ञ असो की गवंडी. कादंबरीचा नायक शेवेक हा अनारेसहून उरासवर गेलेला भौतिकशास्त्रज्ञ. उरासवरचे सभ्य लोक त्याला विचारतात, घाणीची कामं कोण करतं तुमच्याकडे? आम्हीच, असं तो सांगतो. त्यात मिरवण्यासारखं काही असेल असं त्याला वाटत नाही.

आणि तरीही अनारेस स्वर्ग नाही. दुष्काळ पडतो तेव्हा नेमणुकांपायी शेवेक आणि त्याची जोडीदार चार वर्षं दुरावतात. सत्ता नाही म्हणता म्हणता एक मत्सरी वरिष्ठ त्याचं संशोधन अडवतो. ‘लोक काय म्हणतील’ हे पोलिसांपेक्षा जड होतं. हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. उरासवर पाहुणा म्हणून राहताना शेवेकला एफोर नावाचा नोकर दिलेला असतो, आदबशीर, मोजकं बोलणारा. शेवेक आजारी पडतो, एफोर त्याची शुश्रूषा करतो, आणि एका क्षणी त्याची भाषाच बदलते. साहेबांसमोरची घडीची भाषा गळून पडते आणि वस्तीतली बोली येते, तिच्याबरोबर उंदीर येतात, सरकारी दवाखाना येतो. तोपर्यंत शेवेकला आणि आपल्याला त्या सुंदर ग्रहाचं पुढचं दारच दिसलेलं असतं. हे पान मी कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग कुणीतरी चहाचं विचारलं.

आदर्श समाजाची स्वप्नं धोकादायक असतात, त्यांच्यापायी विसाव्या शतकात लाखो मेले, हा आक्षेप मी ऐकून आहे, आणि नकाशा आधी आणि माणसं मागून अशा स्वप्नांना तो लागू पडतो. पण स्वप्न न बघण्याची चैन ज्यांचं आज बरं चाललंय त्यांनाच परवडते. डिस्टोपिया वाचून झाल्यावर आपण निदान असे नाही, एवढं समाधान मिळतं आणि झोप लागते. युटोपिया लिहायचा तर वेळापत्रक मांडावं लागतं, मंगळवारी संडास कोण घासणार ते लिहावं लागतं. ते अवघड आहे आणि थोडं हास्यास्पदही, म्हणून हुशार लेखक तिकडे फिरकत नाहीत.

आपल्या मराठी विज्ञानकथेबद्दलही माझी तक्रार आहे, प्रेमातली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने स्पर्धेला कथा पाठवली, तिथून मराठी विज्ञान परिषदेच्या आधाराने एक सशक्त प्रवाह उभा राहिला, वैज्ञानिकांनी वाढवलेला. त्या कथांत प्रयोगशाळा खऱ्या आहेत, गणित खरं आहे. पण प्रयोगशाळेतली फरशी कोण पुसतं ते मला क्वचितच दिसलं. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये प्राचीन, प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानातून बुद्धिमान यंत्र घडतं. नाव चपखल आहे, तीन पावलं मागून सगळंच घेणारा तो वामन. पण याच मातीत बलिप्रतिपदेला बायका ओवाळताना म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ते राज्य कुणाचं होतं आणि वामन कोण, हे ठासून सांगितलं. म्हणजे मराठीत युटोपिया आहे, शेकडो वर्षांचा, दरवर्षी दिवाळीला तोंडपाठ म्हटला जाणारा. त्यावर विज्ञानकथा कुणी का लिहीत नाही? बळीच्या राज्यात पाणी कसं वाटतात, वीज कुठून येते, कचरा कोण उचलतं?

शेवटच्या प्रश्नाचं एक अर्धंमुर्धं उत्तर पुण्यातच आहे. १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची ‘पंचायत’ ही संघटना उभी राहिली, आणि २००८ साली त्यांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा उचलायचा करार महापालिकेशी केला. वेचणारीच संस्थेची मालक. ओळखपत्र आहे, घराघराकडून ठरलेली फी आहे. करार संपत आला की टांगती तलवार आहे, काम अजूनही त्याच समाजांतल्या बायकांच्या हातात आहे, आणि आपण सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून देत नाही ते नाहीच. ले ग्विनने आपल्या कादंबरीला ‘संदिग्ध युटोपिया’ म्हटलं होतं, तशीच ही गोष्ट. पण झाडू कोणाचा आणि झाडूवर हक्क कोणाचा, हे दोन प्रश्न एकत्र विचारलेले मला तरी इथे दिसतात, आणि ते कुठल्या कादंबरीत नाही, आपल्या गल्लीत.

ले ग्विनच्या रविवारी आमच्यात जोश संचारला होता. कट्टा दहाऐवजी साडेअकराला सुरू करायचा, म्हणजे मावशींची फरशी आधी पुसून होईल, असं ठरलं. अ‍ॅपमधले तारे बंद करा असा अर्ज कमिटीला द्यायचा ठरला, त्यावर आठ सह्या झाल्या, बाकीचे घरी विचारून सांगतो म्हणाले. आणि चहाचे कप आपणच धुवायचे, चिठ्ठ्या टाकून, पाळीने. डॉक्टरांनी तिथल्या तिथे कागद फाडून तेरा चिठ्ठ्या केल्या. पहिली चिठ्ठी निवृत्त झालेल्या एका काकांची निघाली. त्यांनी हसून मान डोलावली, आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात काका वेळेवर आले, पिशवीतून कागदी कपांचं पाकीट घेऊन.